दिवसा निजणारी चाळ

महाळुंग्यात सोपानरावांच्या पत्र्याच्या चाळीत सकाळ झाली की माणसं झोपायला लागत. रात्रपाळीच्या बसमधून उतरलेले पुरुष नळावर हातपाय धुवायचे, असेल ते चार घास खायचे आणि आडवे व्हायचे. मग ऊन पार कंपन्यांच्या शेडमागं जाईपर्यंत त्या ओळीत कुणी मोठ्यानं खाकरतही नसे. बायका भांडी घासायच्या ती खाली गोणपाट अंथरून. कुकर लावायचा तो पुरुष यायच्या आत. दोन खोल्यांच्या मधली भिंत म्हणजे नुसता पत्रा. इकडं कुणी शिंकलं तर पलीकडचा कूस बदलायचा.

मंजुळाबाई आंबाजोगाईकडच्या. गावाकडं असताना त्यांचा आवाज असा होता, की बांधावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडचा गडी मान वर करायचा. नवरा गेल्यावर मुलानं, सुजितनं, त्यांना इथं आणलं. सून दिव्या एका कंपनीत पॅकिंगला जायची, दिवसपाळीला. नात ईश्वरी तेव्हा नुकती बसायला लागली होती. तिला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

आल्याबरोबर मंजुळाबाईंना चाळीची रीत शिकावी लागली. शेजारच्या भीमराजचं ताजं उदाहरण होतं. त्याच्या धाकट्याला ताप भरला, पोरगं दिवसभर रडलं आणि बापाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तसाच तो रात्री कामावर गेला आणि पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली दोन बोटं ठेवून आला. उरलेल्या बोटांनी तो आता पोराला भरवायचा, तेव्हा मंजुळाबाई दुसरीकडं बघायच्या. सुजितही प्रेसवरच होता आणि तोही कायम रात्रपाळीला, कारण ठेकेदाराची माणसं कमी करायची वेळ आली की रात्रीला नाही म्हणणाऱ्याचा गेटपास आधी बंद व्हायचा. तेव्हा पोरीला गप्प ठेवायचं म्हणजे लेकाची बोटं शाबूत ठेवायची, एवढं मंजुळाबाईंनी मनाशी पक्कं धरलं.

आणि हे काम त्यांनी इतकं चोख केलं, की विचारू नका. पाणी हवं तर अंगठा ओठाला. भूक लागली तर पोटावर थाप. बाहेर जायचं तर दाराकडं हनुवटी. ईश्वरी सगळं शिकली. फारच किरकिरली तर मोबाइलवर कार्टून लावून द्यायचं, आवाज बंद करून. पडद्यावरची ससे-अस्वलं तोंड हलवायची आणि त्यांच्याकडं बघत पोरगीही तोंड हलवायची, तसंच, बिनआवाजाचं. चाळीतल्या बायका कौतुक करायच्या. "लेकरू असावं तर असं. घरात हाय का न्हाई कळंना सुदिक." मंजुळाबाईंची मान ताठ व्हायची. आपल्या हातचं एक काम तरी या परक्या मुलखात नावाजलं गेलं, असं त्यांना वाटायचं.

दिवाळी झाली, थंडी पडली. ईश्वरीला दोन वर्षं पुरी होऊन वर काही महिने गेले, तेव्हा अंगणवाडीच्या तनुजाताई चाळीत वजनं घ्यायला आल्या. तरतरीत बाई, पण बोलायची भलती हौस. दारातूनच त्यांनी हाक घातली, "काय गं ईश्वरीबाई, नाव काय तुझं?"

मंजुळाबाईंनी झटक्यानं ओठावर बोट ठेवलं आणि आत झोपलेल्या सुजितकडं दाखवलं. तनुजाताईंनी बघितलं तर ईश्वरीनंही तसंच बोट ठेवलेलं.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. "आजी, काय काय बोलते ही?"

"लई शानी हाय. काडीचा तरास न्हाई."

"तसं नाही. शब्द कुठले म्हणते?"

मंजुळाबाईंनी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांना एकही शब्द आठवेना. मम्मी म्हणते, असं दिव्या म्हणायची खरी, पण ते दोन ओठ मिटून उघडणं होतं. आवाज त्यात कधीच नव्हता. हे त्यांना तिथं, दारात उभ्या उभ्याच कळलं.

तनुजाताईंनी पोरीच्या पाठीमागं जाऊन वाटीवर हळूच चमचा वाजवला. ईश्वरी चटकन वळली. "कान चांगले आहेत," ताई म्हणाल्या. "आता मला सांगा, तुम्ही तिच्याशी दिवसभर काय बोलता?"

"तिच्याशी? तिला बोलाया येत न्हाई, तर तिच्याशी काय बोलावं?"

"उलटं आहे आजी. आपण बोलत नाही म्हणून तिला येत नाही. भाजी निवडताय, तर सांगा भाजी निवडते म्हणून. ती ज्याच्याकडं बघते त्याचं नाव घ्या. काही विचारलं की थांबा जरा, तिला सवड द्या. उत्तर आलं नाही तरी चालेल. मग पुढचं बोला." जाता जाता त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत बघू. फरक पडला नाही तर पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला लागेल."

संध्याकाळी दिव्या आली. सुजित डबा भरून निघायच्या गडबडीत होता. मंजुळाबाईंनी दोघांना सांगून टाकलं. दिव्या तव्यावर चपाती टाकता टाकता थांबली. "दिवसभर लोकांचे खोके भरते मी," ती तव्याकडंच बघत म्हणाली, "अन् माझी लेक मुकी." ती सासूला एक शब्दही लागट बोलली नाही. मंजुळाबाईंना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

"मुकी-बिकी काय न्हाई," सुजित बूट चढवत म्हणाला. "रजा मिळाली की नेऊ दवाखान्यात." तो पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. ईश्वरीनं हात हलवून टाटा केला. आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी सुजित झोपल्यावर मंजुळाबाई मेथीची जुडी घेऊन कोपऱ्यात बसल्या आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. मोठी फजिती होती ती. तीन लेकरं वाढवलेली बाई, पण एखाद्या लेकराशी समोर बसून कधी बोलल्या नव्हत्या. गावाकडं ती गरजच पडली नाही. घरात दहा माणसं, दारात गुरं, ओट्यावर भांडणं, त्यात पोरं आपोआप बोलायला लागायची. इथं मात्र एक एक शब्द ठरवून काढायचा. "ही मेथी," त्या पुटपुटल्या. "ही काडी. काडी टाकायची. पान ठेवायचं." स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटत होता. ईश्वरी त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"हे काय हाय?" मंजुळाबाईंनी विचारलं आणि सांगितल्याप्रमाणं थांबल्या. थांबणं सगळ्यात जड. मग स्वतःच म्हणाल्या, "अळी हाय, अळी! बग कशी वळवळ करायली." आणि त्यांनी मेथीतली हिरवी अळी बोटावर घेऊन तिच्या नाकाजवळ नेली.

पोरगी खदाखदा हसली. केवढ्यानं! त्या खोलीत असा आवाज कधी झालाच नव्हता. मंजुळाबाईही हसल्या, आणि तेवढ्यात पलीकडून भीमराजच्या बायकोनं पत्र्यावर दोनदा टिचकी मारली. इकडं सुजित उठून बसला होता. डोळे लाल. उशी डोक्यावर घेऊन तो पुन्हा पडला, पण झोप मोडली ती मोडलीच. दुपारभर तो कूस बदलत राहिला आणि मंजुळाबाई भिंतीला टेकून, नातीला मांडीत आवळून बसून राहिल्या.

दुसऱ्या सकाळी तो कामावरून आला तेव्हा उजव्या हाताचा अंगठा मोठा दिसत होता. नख काळंनिळं. "काय न्हाई माय, हातमोजा अडकला. हात काढला येळेवर." एवढं बोलून तो डाव्या हातानं भाकरी मोडायला लागला. मंजुळाबाईंनी त्याला घास कुस्करून दिला. एकीकडं पोरीची वाचा, दुसरीकडं पोराची बोटं, आणि मधे आपण, असं त्यांना झालं. कुणाची बाजू घ्यावी? दोघंही आपलीच.

त्या सकाळी धुणं वाळत घालायला त्या चाळीमागं गेल्या. सोपानरावांची बहुतेक जमीन एमआयडीसीत गेली होती. चाळ आणि एका कंपनीची भिंत यांच्यामधे एक तुकडा तेवढा उरलेला. तिथं त्यांची बायको शालनबाई वाफ्यात एकटीच वाकून कांद्याचं रोप लावत होती. मंजुळाबाई बघत उभ्या राहिल्या. पाटाला पाणी सुटलं होतं. ओल्या मातीचा वास आला आणि त्यांचा जीव नुसता हलला.

"बगता काय?" शालनबाई कंबर धरून उभी राहिली. "समदी कंपनीत जात्यात. रोपं लावाया माणूस मिळत न्हाई. येता का हाताखाली? रोज दीन की."

"नात हाय संगं."

"आणा की तिला. ही का तुमची चाळ हाय गप बसाया? हितं कोण झोपलंय?"

मंजुळाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोजाच्या पैशाचं त्यांना सुचलंच नाही. त्या तशाच घरी आल्या, सुजितच्या अंगावर पांघरूण सारखं केलं, दार ओढून घेतलं आणि ईश्वरीला कडेवर घेऊन मागं गेल्या.

तेव्हापासून रोजचं तेच झालं. सुजित झोपला की दोघी वाफ्यात. पलीकडं कंपनीच्या भिंतीआड मशिनींचा घणघणाट चालायचा, त्यामुळं मोठ्यानं बोलावंच लागायचं. एकदा तोंड सुटल्यावर मंजुळाबाई काही ऐकायला तयार नव्हत्या. "हे रोप. ह्याला आडवं न्हाई धरायचं, उभं धरायचं. असं. आता अंगठ्यानं माती दाब. दाबली? शाब्बास. दुसरं घे." पाण्याला पाणी म्हटलं, चिखलाला चिखल, बगळ्याला बगळा. सांगायच्या वस्तू संपल्यावर त्यांनी घरच्या गोष्टी काढल्या. "मम्मी कंपनीत गेली. खोके भरायली. पप्पा झोपलाय. लई दमतो पप्पा." तेही संपलं तेव्हा गावाकडची म्हैस निघाली, ती कशी धार द्यायची नाही आणि नवऱ्याला कशी लाथ घालायची ते. मग मेलेल्या जावेबरोबरचं जुनं भांडण निघालं, तेही सगळं सवालजबाबासकट. शालनबाई पलीकडच्या वाफ्यातून हुंकार द्यायची. "आवो, पोरीला सांगताय का मला?"

"दोघींलाबी. ती तरी मधी बोलंना, तुमच्यासारखं."

पाठ मोडून यायची. वाफ्यात दिवसभर उकिडवं बसून गुडघे लाकडासारखे व्हायचे, बोटांच्या पेरांना थंड चिखलानं भेगा पडल्या. पण जीव मोकळा झाला होता. इतक्या दिवसांत आपणही मुक्याच झालो होतो, हे मंजुळाबाईंना आता समजत होतं.

ईश्वरी चिखलात बसून ऐकायची. ओठ हलवायची. कधी घशातून एक बारीक आवाज यायचा, पण तो आला की ती स्वतःच दचकून चाळीकडं बघायची. ते बघून मंजुळाबाईंच्या काळजात कळ उठायची. हे आपणच शिकवलं.

"बोल गं माझी माय," त्या म्हणायच्या. "हितं कुणी रागवत न्हाई."

मग एका दुपारी शालनबाईचं काळं कुत्रं नुकत्याच लावलेल्या वाफ्यात घुसलं आणि भरधाव रोपं तुडवत निघालं. मंजुळाबाई उठेपर्यंत, समोर बसलेली ती एवढीशी पोरगी दोन पायांवर उभी राहिली आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "हाऽड!"

कुत्रं थांबलं. शालनबाई थांबली. मंजुळाबाईंच्या हातातली रोपांची पेंढी पाटात पडून वाहत गेली.

"म्हन!" त्या धावल्या. "आणखी एकदा म्हन!"

"हाड," ईश्वरी म्हणाली. कुत्रं केव्हाच गेलं होतं, तरी म्हणाली. मग बगळ्याला म्हणाली, पाण्याला म्हणाली, शालनबाईलाही म्हणून झालं. मंजुळाबाई तिला पोटाशी धरून रडल्या आणि हसल्या, आणि तिचं चिखलाचं तोंड आपल्या पदरानं पुसून आणखी माखवलं.

संध्याकाळी दिव्याला सांगितलं तर तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. पहिला शब्द हाड, आणि तोही आपण ऐकला नाही. "मम्मी न्हाई म्हणली?" तिनं विचारलं. मंजुळाबाईंना खोटं बोलवेना. पण पंधरवडाही गेला नसेल, दिव्या बसमधून उतरून मागच्या पायवाटेनं येत असताना वाफ्यातून तिला हाक ऐकू आली. "मम्मीऽ!" ती डब्याची पिशवी सांभाळत कांद्याच्या वाफ्यातून धावत आली. शालनबाई नको नको म्हणत राहिली, पण रोपं तुडवली गेलीच.

उरला सुजित. वाफ्यात कलकल करणारी पोरगी खोलीच्या उंबऱ्यावर आली की तोंडाला कुलूप लागल्यासारखी व्हायची. बाप झोपलेला असो की उठून दाढी करत असो, तिच्या लेखी तो गप्प बसायच्या जागेतलाच माणूस होता. पुन्हा तिचे ते इशारे, पोटावर थाप, अंगठा ओठाला. सुजित आरशातून बघायचा.

"बोलती म्हणता ना? मग बोलंना कामून?"

"आरं, वावरात बोलती. समदं बोलती."

"माय, तू अन् दिव्या मला बरं वाटावं म्हणून सांगायलाव." तो रागानं म्हणाला नाही. तेच जास्त लागलं. "मुकी असली तरी माझीच हाय. लपवून काय करायचंय?"

मंजुळाबाईंनी त्याचा डबा भरून दिला. पण गुरुवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, दिव्या कामावर गेल्यावर तो चहा पिऊन पुन्हा आडवा व्हायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलं. असं त्यांनी त्याच्या लहानपणीही केलं नव्हतं.

"ऊठ. रातीला जायचं न्हाई तुला. आज रातीला झोप. आता चल संगं."

"कुठं?"

"मागं. लांब न्हाई."

सुट्टीची इस्त्रीची पँट घालून सुजित आईमागून निघाला. कित्येक महिन्यांत त्यानं सकाळचं ऊन असं अंगावर घेतलं नव्हतं. तो डोळे बारीक करून, पायाखाली बघत चालत होता. ईश्वरी पुढं पळत गेली होती. वाफ्याशी पोचेपर्यंत तिचं सुरू झालं होतं. "पानी आलं. बग आजी, पानी आलं. चिकल!"

सुजित बांधावर थबकला. मंजुळाबाईंनी मागं वळून त्याच्याकडं बघितलं नाही. त्याला तेवढा एकट्याला वेळ द्यावा असं त्यांना वाटलं. त्या वाकून रोपं लावू लागल्या.

शालनबाईनं पाट फोडून पाणी वाफ्यात घेतलं आणि सुजितला बघून हसली. तिला पोरीची गंमत करायची लहर आली. "काय गं ईश्वरे, मम्मी कुठाय?"

"कंपनीत," ईश्वरी म्हणाली. "खोके भलायली."

"आन् पप्पा? पप्पा कुठाय गं तुजा?"

सुजित तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. ईश्वरीनं त्याच्याकडं नीट बघितलं. पार वरपासून खालपर्यंत बघितलं. मग शालनबाईकडं वळून तिनं सांगितलं, "पप्पा झोपलाय."

शालनबाईचं हसू तोंडातच राहिलं. पलीकडं मशिनी चालल्या होत्या. मंजुळाबाईंना वाटलं, हे आपल्या लेकाला ऐकायला लागू नये. पण तो ऐकून चुकला होता.

सुजित इस्त्रीच्या पँटसकट त्या ओल्या वाफ्यात तिच्यासमोर बसला. "न्हाई बाळा," तो म्हणाला. "उठलोय मी. हे बघ."

ईश्वरी जवळ आली. चिखलाचं बोट तिनं त्याच्या पापणीवर ठेवलं, मग दुसरीवर. डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी येत होतं. तिला ते पटेना. तिनं त्याच्या खांद्यावर हळूच थोपटलं, अगदी मंजुळाबाई थोपटायच्या तसं, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन दबक्या आवाजात म्हणाली, "झोप पप्पा. दमला."

रात्रभर मशिनीपुढं उभा राहणारा, सुपरवायझरशी हुज्जत घालणारा सुजित पोरीसमोर नुसते ओठ हलवत बसला. आवाज फुटेना.

"आरं, बोल की तिच्याशी," मंजुळाबाई म्हणाल्या. "थांबलीय ती. कायबी बोल."

"मी..." सुजितनं घसा साफ केला. "माझी आज सुट्टी हाय." साहेबाला सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"सुत्ती," ईश्वरी म्हणाली, आणि त्याच्या मांडीत बसली.

मग तो बोलायला लागला. काय बोलावं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून जे माहीत होतं तेच सांगू लागला. त्याची मशीन केवढी मोठी आहे, ती खाली कशी येते, रात्री चहावाला कुठल्या दारातून येतो, पहाटे बसमधून कुठला डोंगर दिसतो. ती त्याच्या काळ्या नखाच्या अंगठ्याशी खेळत मधेच विचारायची आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. मंजुळाबाई हातात रोपं धरून नुसत्या ऐकत होत्या. वाफा केव्हाच भरला होता आणि पाणी बांध फोडून बाहेर चाललं होतं, तरी शालनबाई फावडं टेकून उभीच राहिली.